देवरावकाकांची तालीम

देवरावकाकांनी डोक्यावरून दुपट्टा घेतला की ते माझी आई होत. मिशी तेवढी राही, बाकी आवाज, मान वळवणं, मधेच "अवं माय!" म्हणणं, सगळं हुबेहूब.

जऊळका गावातल्या आमच्या या शेजाऱ्याला आधी सूतगिरणीनं कमी केलं, मग मोबाइल टॉवरवाल्यांनी, मग कुरियरच्या गोदामानं. दर वेळी घरी सांगताना त्यांची बोबडी वळली. तेव्हापासून नोकरी जाऊन गावी आलेल्या कुणालाही ते ओसरीवर बोलावत आणि तालीम घेत.

"कामाची ट्रेनिंग सारेच देतात. काम गेल्यावर घरी काय सांगाचं, ते कोनी शिकवते का?"

चाकणच्या मोटार कारखान्यातून परतलेल्या विठ्ठलसाठी ते सासरा झाले. भूमिकेत इतके शिरले की "मी मही पोरगी वापस नेतो!" असं ओरडत खरंच विठ्ठलच्या घराकडे निघाले. शांताकाकूंनी सदऱ्याला धरून नवऱ्याला खाली बसवलं.

मग माझी पाळी आली. पुण्यात मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. एका सकाळी साहेबांनी व्हिडिओ कॉलवर आम्हा सगळ्यांचे आभार मानले आणि दुपारी लॅपटॉप काढून घेतले. घरी मी "सुट्टी हाय" एवढंच सांगितलं. बाबा गेल्यापासून घर दोघींच्या कमाईवर चाले. आई गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. तिला सांगायचं कसं?

"पहिले पानी पाज," काका म्हणाले. "तोंडात पानी असलं की मानूस बोंबलत नाही."

रोज दुपारी तालीम चाले. मी वाक्य म्हटलं की दुपट्ट्यातले काका छाती पिटत, मग हळूच एक डोळा उघडून विचारत, "जास्त झालं काय?"

अखेर एका संध्याकाळी धीर करून मी पाण्याचा पेला भरून निघाले. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी. तिच्याही हातात भरलेला पेला.

"तू पे पहिले," ती म्हणाली.

"नाही, तू पे."

शेवटी दोघींनी एकदमच घोट घेतला आणि एकदमच बोललो.

"आई, मही नौकरी गेली."

"बाई, मही शाळा बंद झाली."

पोरं कमी म्हणून शाळा शेजारच्या गावच्या शाळेला जोडली होती. रोज सकाळी शाळेच्या नावानं निघालेली आई काकांच्याच ओसरीवर जाऊन बसत होती. ती आधी रडली, मग दोन्ही पेल्यांकडे बघून अशी हसली की तिच्या पेल्यातलं उरलेलं पाणी माझ्या अंगावर सांडलं.

तशाच आम्ही काकांकडे गेलो. आईनं कमरेला पदर खोचला.

"देवरावभाऊ, तुमाले दोन्ही मालूम होतं. सांगतलं काहून नाही?"

काका बाजेवर अंग चोरून बसले. "वयनी, सकाळी मी तुमची पोरगी होतो, दुपारी मी तुमी होतो. सांगू कोनाच्या तोंडानं?"

पुढं आईनं लग्नकार्यातल्या स्वयंपाकाची कामं धरली. मला हैदराबादेत नोकरी लागली. स्टेशनवर पोचवायला काका आले होते. गप्पांत मी सांगितलं की आम्हाला काढणाऱ्या साहेबांनाही कंपनीनं काढलं.

काका गंभीर झाले. "मंग त्याले इकडं पाठव ना."

"कायले?"

गाडी हलली. काका खिडकीसोबत चालू लागले.

"अवं, तयारी कराव लागीन मले! त्याच्या घरी कोन कोन हाय?"