ताजबीने दोरीवरून काढलेले कपडे

दाभोळच्या मोहल्ल्यात ताजबीच्या नावाने एक गंमत फार वर्षं चालली होती. नव्वद साली इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा ती आणि तिचा नवरा हारुन तिथेच होते. तो एका श्रीमंताघरी खानसामा होता, ती घरबसल्या शिवणकाम करायची. पळायची वेळ आली तेव्हा सोन्याच्या बांगड्या कपाटात राहिल्या आणि ताजबी धावली गच्चीवर, वाळत घातलेले कपडे काढायला! हारुनने एकदा हे सहज सांगितलं आणि तिच्या जावेने ते प्रत्येक लग्नात रंगवून सांगितलं. ताजबीही सगळ्यांच्या हसण्यात हसू मिसळायची. पुढे वाळवंटातल्या छावणीत काय झालं, ते मात्र तिने कोणाला सांगितलं नव्हतं. हारुनही काही न बोलता अल्लाघरी गेला.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये तिकडे पुन्हा लढाई पेटली. या वेळी तिचा मुलगा अक्रम कुवेतमध्ये ड्रायव्हर होता. घरात सून फिजा दिवसभर बातम्यांसमोर बसून राहायची. पडद्यावर नकाशे, बाण, क्षेपणास्त्रं. अक्रमचा फोन येई, 'मी ठीक आहे' म्हणे आणि मागे भोंगा वाजायला लागला की फोन बंद होई. फिजाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

दुपारी अर्धा तास टीव्ही फिजाच्या नऊ वर्षांच्या मुलीचा, अलिझाचा. तिची कार्टूनची मालिका लागायची. ढगांवरचं राज्य, पंखांच्या हरणावर बसून लढणारा राजपुत्र, असं काहीबाही. ताजबी तिथेच कोळंबी सोलत बसायची, पण पडद्याकडे तिचं लक्ष नसे.

त्या दिवशी अलिझा कुरकुरली. "आज लढाईच नाय गो दादी. नुसती माणसं चालतायत."

ताजबीने मान वर केली. शत्रूचं सैन्य येणार म्हणून एक गाव रिकामं होत होतं. कुंभाराची बायको पोराला काखेत घेऊन उंबऱ्याबाहेर पडली, थबकली, मागे वळली आणि अंगणातल्या दोरीवरचे कपडे भराभर काढू लागली. नवरा ओरडत होता, तरी ती एकेक कपडा झटकून घडी घालत होती.

ताजबीच्या हातातली कोळंबी तशीच राहिली. "असंच होतं," ती म्हणाली. "अगदी असंच. हात आपोआप जातात. घर सोडायचंय हे हातांना कळलेलंच नसतं."

फिजा स्वयंपाकघरातून बाहेर आली. सासूचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताजबी वेळेआधीच टीव्हीसमोर हजर. पण राजपुत्र परत आला होता, हरीण उडत होतं. तिसऱ्या दिवशीही तेच.

"त्या कुंभारणीचं काय झालं?" तिने विचारलं.

"ती काय मेन नाय गो," अलिझा म्हणाली. "ती परत नाय दाखवणार."

"नाय दाखवणार? मग ती गेली कुठे? पोराला पाणी मिळालं का?"

फिजाने टीव्हीचा आवाज बंद केला आणि सासूजवळ येऊन बसली. "अम्मी, तुम्ही कुठे गेलात?"

आणि ताजबी सांगू लागली. ट्रकमधून बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सीमेवरची छावणी. जिकडे बघावं तिकडे वाळू आणि माणसं. पाण्याच्या टँकरमागे माणसं कशी धावायची. शेजारच्या तंबूत एक बाई अडली होती. कुठल्या देशाची ते कळलं नाही, तिची भाषा वेगळी. सुईण कुठून आणायची? ताजबीने तिची मान मांडीवर घेतली. बाळ झालं तेव्हा गुंडाळायला फडकं नव्हतं. तिने पिशवीतून दोरीवरून काढून आणलेले हारुनचे शर्ट काढले, फाडले. एकात बाळ, बाकीचे आईला.

"मुलगी होती. एवढीशी. रडली नाय जास्त. सकाळी आमचं नाव पुकारलं, बस सुटत होती, आम्ही गेलो. जगली का नाय, ठाऊक नाय मला." तिने पदराने तोंड दाबलं. "म्हणून बोलले नाय कधी. हसायच्या गोष्टीत ती पोर कशी सांगू?"

फिजा तिला मिठी मारून रडली, अक्रमसाठी आणि त्या मुलीसाठीही. रात्री फोन आला तेव्हा ताजबीने स्वतः घेतला. "नोकरीची फिकीर करू नको, बाबा. जीव घाबरला तर निघून ये. इथे तुला कोणी हसणार नाय."

तो लगेच आला नाही. तिकडचे भोंगे थांबले, काम सुरू राहिलं. आंब्याच्या दिवसांत मात्र तो रजेवर आला आणि आईजवळ बसून त्याने सगळं पुन्हा ऐकलं. नव्वद साली तो सतरा वर्षांचा होता, दाभोळला आजीकडे. आईबाप परत आले, एवढंच त्याला माहीत होतं.

जावेच्या कानावर गोष्ट गेली. पुढच्या लग्नात तिने ती जुनी गंमत काढली नाही; ताजबीच्या ताटात स्वतःच्या हाताने बिर्याणी वाढली. ज्यांचे नवरे आखातात होते अशा मोहल्ल्यातल्या बायका आता ताजबीकडे येऊन बसायच्या. ती त्यांना उगीच धीर द्यायची नाही. घडलं तसं सांगायची.

रजा संपली तसा अक्रम परत गेला. पोटासाठी दुसरी वाट नव्हती. ताजबीने अडवलं नाही. पण तो तिकडे पोचल्याचा फोन येईपर्यंत ती जेवली नाही, आणि फिजानेही तिला जेवायचा आग्रह केला नाही.