स्कोलास्तिकाच्या मातीतला परका पोरगा

बुईनच्या स्कोलास्तिकाला नावं ठेवली नाहीत असा माणूस गावात सापडायचा नाही, आणि तिच्या हातचं रताळं खाल्लं नाही असाही नाही. लढाईत तर तिने कहरच केला. ओढ्याकाठी सरकारी बाजूचा एक पोरगा मरून पडला होता. डुकरं जवळ यायला लागली, तशी ही काठी घेऊन धावली. त्याला धुतलं, चादरीत गुंडाळलं आणि थेट आपल्या कुळाच्या जागेत पुरलं.

भाऊ बोनिफास कडाडला, "डोकं फिरलं का तुझं? शत्रूला आपल्या मातीत? उद्या त्याचं कुळ जमिनीवर हक्क सांगेल!"

"सांगू दे. जमीन आईकडून माझ्याकडे आलीये. तुझ्याकडे नुसता आवाज आलाय."

तिचा मुलगा कामिलो बंडखोरांबरोबर उत्तरेला गेला, तो परतलाच नाही. रडायला मढंही नव्हतं, म्हणून ती या परक्यापाशी बसून रडायची. दुसऱ्या कुळाच्या मढ्यावर असं रडू नये म्हणतात. पण तिला सांगायची छाती कोणाची होती!

लढाई थांबल्यावर, मढ्याच्या पट्ट्याच्या बक्कलाची खूण कानोकानी ऐकून बुका बेटावरून त्या पोराची आई अगाथा आली, त्याला घरी न्यायला. स्कोलास्तिकाला वाटलं, हाही गेला तर बसायचं कुणापाशी? जमीन तिची, नाही म्हणायचा हक्कही तिचाच. सकाळभर ती त्या मातीपाशीच बसून राहिली. मग स्वतःच कुदळ घेऊन आली.

दोघींनी मिळून हाडं धुतली.

"आळशी होता मेला," अगाथा म्हणाली. "लाकडं आण म्हटलं की ह्याचं पोट दुखायचं."

"माझ्याकडे तरी गुमान पडून होता हो!"

दोघी हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

डोळे पुसत अगाथा म्हणाली, "आमच्या किनाऱ्यावर तुमच्या बाजूचा एक आहे. मीच माती दिली त्याला."

स्कोलास्तिकाने तिचं मनगट घट्ट धरलं. "कामिलो?"

"ठाऊक नाही गं. चेहरा राहिला नव्हता. पण त्याच्यासाठी अजून कोणाचीच आई आलेली नाही. येतेस?"

होडी सुटायच्या वेळी बोनिफास पाण्यात उतरून ओरडला, "अगं, एवढ्या लांब जातेस, आणि तुझा नसला तर?"

"मग कुणाचा तरी असेलच की," म्हणत ती अगाथाला खेटून बसली. पोराचं गाठोडं दोघींनी मिळून मांडीवर धरलं होतं.