सरळ रेषेतलं अंतर

हकीमसाहेब जमीन मोजणीच्या वहीत पेन्सिल वापरत नसत. भर उन्हात दुर्बिणीपाशी उभं राहून ते निळ्या शाईनंच आकडे लिहायचे. प्रत्येक ठिकाणाचे दोन आकडे, पूर्वेकडे किती मीटर आणि उत्तरेकडे किती. "आधी पूरब, मग उत्तर," ते मला बजावायचे. "जोडी उलटी झाली ना बेटा, तर माणसाचं घर विहिरीत जाऊन पडतं."

निवृत्तीनंतर मी मुलींना पायथन ही संगणकाची भाषा शिकवू लागले. तिथं अशी जोडी कंसात लिहितात, तिला ट्यूपल म्हणतात. एकदा लिहिली की आतला आकडा बदलता येत नाही. दोन ठिकाणांच्या जोड्या दिल्या की एका ओळीत अंतर हाती येतं. हा धडा आला की मला हकीमसाहेबांची वही आठवते. का, ते मुलींना सांगितलेलं नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली शहराभोवती कारखान्यांसाठी जमिनी घेणं चालू होतं आणि मी मोजणीच्या कचेरीत नकाशे गिरवायला नुकतीच लागले होते. हकीमसाहेब खुलताबादचे, उंच, जरा वाकलेले. मी बौद्ध. पहिल्या दिवशी माझ्यासाठी वेगळा पेला ठेवलेला दिसला, तेव्हा त्यांनी तोच उचलला, घटाघट पाणी प्यायले आणि म्हणाले, "आज गर्मी लई आहे." त्यानंतर पेला वेगळा राहिला नाही.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि दलित वस्त्यांकडे बघायची गावांची नजर बदलली. आमची जीप शिरली की पारावरचं बोलणं थांबायचं. शहराबाहेरच्या एका गावाची मोजणी आम्ही तेव्हा संपवत आणली होती. ओढ्याकाठच्या दलित वस्तीतल्या एकेका घराची जोडी साहेबांच्या वहीत होती.

एका सकाळी त्या भागातला एक पुढारी कचेरीत आला. पांढरेशुभ्र कपडे, गोड बोलणं.

"साहेब, वस्तीचा नकाशा पायजे व्हता."

"कशाला?"

"काय नाय, बघायला. कोणतं घर कुठं, वाटा किती. ओढ्याकडून बाहेर पडता येतं का."

साहेबांनी वही मिटली. "नकाशा अजून झाला नाही."

"व्हय? पण आता लई टाइम नाय, साहेब," तो हसला आणि गेला.

साहेबांनी उठून दार लावलं. मग त्यांनी मला लॉगरिथमचं पुस्तक काढायला सांगितलं. मी आकडे वाचत गेले, ते मांडत गेले. वस्ती ते डांबरी रस्त्यावरची पोलीस चौकी. दोन्ही जोड्यांतला फरक, फरकांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. गावातून जाणारी वाट लांब होती. ओढा ओलांडून सरळ गेलं तर अंतर निम्म्याहून कमी.

आधी ते चौकीत गेले. तिथल्या जमादारानं, "आम्ही तिघंच आहोत," एवढंच सांगितलं. मग भर दुपारी आम्ही वस्तीत पोचलो. साहेबांनी वस्तीपासून ओढ्यापर्यंत आणि घोटाभर पाण्यातून पलीकडे थेट चौकीपर्यंत मोजणीचे लाल झेंडे रोवले. गावातून कुणीतरी ओरडून विचारलं, तर म्हणाले, "नव्या रस्त्याची आखणी आहे."

वस्तीतल्या भानुदासला मात्र त्यांनी बाजूला घेतलं. "आज दिवस मावळायच्या आत सगळ्यांना घेऊन निघ. झेंडे धरून चला."

भानुदासची आई, काशीबाई, उंबऱ्यात गुडघे चोळत बसली होती. "घर टाकून कुठं जायचं रे बाबा?" ती म्हणाली. साहेबांनी तिला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात बातमी आली. वस्ती जळाली होती. माणसं मात्र झेंड्यांच्या मागं चौकीत पोचली होती.

काशीबाई पोचली नव्हती.

साहेब चौकीत गेले, मीही गेले. भानुदास भिंतीला टेकून बसला होता. "माय ओढ्यापत्तोर आली व्हती, साहेब. वरती पाऊस झालेला, पाणी कमरेएवढं. आमच्या काखंत लेकरं. मला म्हणली, तुम्ही व्हा म्होरं, मी गावातून येते. मागं वळून पाहिलं तं ती नव्हतीच. गावातून जिती आलीच नाय." मग तो म्हणाला, "तुमच्यामुळं बाकीचे हाईत."

साहेब जीपकडे निघाले. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी वही उघडली आणि त्या अंतरावर बोट ठेवलं. "अंतर बरोबर आहे बेटा. पण ते सरळ रेषेतलं. यात पाणी कुठाय? तिचे गुडघे कुठायत?"

त्यानंतर ते कागदावरच्या अंतरावर सही करीनात. आधी ती वाट स्वतः पायी चालायचे, चिखलातून, काट्यांतून. काम तुंबलं. वरून पत्रं आली, आणि शेवटी लांबच्या जिल्ह्यात बदलीचा हुकूम आला.

क्रांती चौकात मी त्यांना निरोप द्यायला गेले. बस यायची होती. मी म्हणाले, "साहेब, एवढी माणसं तुम्ही वाचवलीत."

"हां, लोक तेच म्हणतात." त्यांनी पेटी उचलली. "पण तिला वाट मीच दाखवली होती."

बस आली. ते चढले आणि बाहेरची वाट दिसेल अशी खिडकीची जागा रिकामी असूनही आतल्या बाजूला बसले.