खोट्या खिडकीचा पडदा

कॅलो प्लेसच्या सात नंबरात दुसऱ्या मजल्यावर मधोमध जी खिडकी दिसते, ती खिडकी नव्हेच. दगडी भिंतीत खिडकीएवढा खोलगट चौकोन, त्यात काळा रंग, काळ्यावर पांढऱ्या पट्ट्यांची बारा तावदानं, आणि वरून अर्ध्यावर ओढलेला पिवळसर पडदा. सगळं विल्फ्रेड गेनच्या हातचं. लोक म्हणत, जुन्या काळी खिडक्यांवर कर होता तेव्हा बुजवली असेल. विल्फ मान हलवायचा. बुजवायला आधी उघडी तर हवी! ही जन्मतःच आंधळी.

इंग्लंडातल्या बाथ शहरात दीडशे वर्षांमागे अशा ओळी बांधल्या तेव्हा बांधणाऱ्यांनी आधी नुसता चेहरा उभा केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. मागे ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं आणि लहरीनं खोल्या जोडल्या. पुढून सगळे सख्खे भाऊ, मागून कुणाचा कुणाशी संबंध नाही. सात नंबरच्या मालकानं नेमकी त्या मधल्या जागी धुराडी नेली. आत विटा आणि काजळी. पण बाहेरच्या रांगेतला एक दात पडलेला कसा चालेल? म्हणून ही खोटी खिडकी, आणि दर पाच वर्षांनी ती रंगवायला रंगारी.

पहिल्यांदा शिडीवर चढला तेव्हा विल्फ एकोणीस वर्षांचा होता. पडद्याची खालची कड ओढून झाली आणि समोरच्या फुटपाथवरून आवाज आला, "रंगारीबुवा, पडदा वाकडा आहे."

ती हेस्टर. सात नंबरातलीच मोलकरीण. झोपायची छपराखालच्या माळ्यावर, राबायची रस्त्याच्या पातळीखालच्या तळघरात. मधल्या उंच उंच खिडक्यांच्या खोल्यांत जायची ती कोळशाची बादली घेऊन, तेवढीच. विल्फनं खाली उतरून पाहिलं. पडदा खरंच वाकडा होता. शिडीवरच्या माणसाचं नाक भिंतीला लागलेलं असतं. त्याला सरळ-वाकडं कळत नाही. ते समोरून बघणाऱ्यालाच दिसतं.

मग पुढची चाळीस वर्षं समोरून बघायचं काम हेस्टरनं केलं. घराचे तुकडे करून खोल्या भाड्यानं लागल्या, मालक बदलले, ही दोघं लग्न करून तळघरात राहिली. दर पाच वर्षांनी विल्फ वर आणि ती पलीकडे, कमरेवर हात. सगळं नीट झालं तरी शेवटी म्हणायचीच, "आणखी बोटभर वर घे, विल्फ." त्यानं चिडून विचारावं, कशाला? तिनं म्हणावं, उजेड येऊ दे की आत.

मूल झालं नाही. हेस्टर त्या खिडकीमागच्या नसलेल्या खोलीला 'आपली जास्तीची खोली' म्हणायची. मोडकी खुर्ची कुठे ठेवू, असं त्यानं विचारलं की म्हणायची, ठेव जास्तीच्या खोलीत. तिची बहीण राहायला येते म्हणाली की तिलाही तिथेच पाठवायची. एकदा मात्र, हिवाळ्यात, मोजे विणता विणता हसू न आणता म्हणाली, "वरच्याला थंडी वाजत असेल रे." वरचा म्हणजे कोण, ते विल्फनं विचारलं नाही.

नोव्हेंबरात हेस्टर छातीत कफ होऊन गेली. घरात माणूस गेलं की रस्त्याकडचे पडदे खाली ओढायचे आणि शवपेटी हलेपर्यंत तसेच ठेवायचे, ही रीत. साताच्या भाडेकरूंनी ओढले, शेजाऱ्यांनीही ओढले. विल्फनं शिडी काढली, पिवळा रंग कालवला आणि खोट्या खिडकीचा पडदा पार खालपर्यंत ओढला.

अंत्ययात्रा गेली. दुपारपर्यंत ओळीतले सगळे पडदे सटासट वर गेले. हा राहिला. एक वर्ष, दोन वर्षं, तीन. शिवाय तो वाकडा होता. डावी कड खालच्या चौकटीला टेकलेली, उजवी दोन बोटं वर. सगळ्या गल्लीला दिसत होतं, पण बोलणार कोण? दूधवालासुद्धा, जो विल्फला एरवी 'काय सरदार, वाड्यावर सगळं क्षेम?' असं छेडायचा, तो सात नंबरापाशी मान वर करीत नसे.

शेवटी घरमालक पॉबजॉय आला. टोपी हातात धरून, पण बोलला स्पष्ट. वरची जागा बघायला येणारी माणसं तो पडदा पाहून दारातूनच परत जातात. ईस्टरपर्यंत वर घे, नाहीतर दुसरा रंगारी आणून सगळा चौकोन काळा करून टाकतो. म्हणजे तावदानं नाहीत, पडदा नाही, जास्तीची खोली नाही.

विल्फनं दोनदा रंग कालवला. दोनदा शिडी लावली. चार पायऱ्या चढून मागे वळून बघायचा. समोर मोकळा फुटपाथ. शिडी पुन्हा आत जायची.

ईस्टर चार दिवसांवर आला असताना तळघराच्या पायऱ्या उतरून एक बाई आल्या. मिसेस वीक्स, रेल्वेतल्या गार्डची विधवा, समोरच्या घरात नुकत्याच राहायला आलेल्या. हातात फडक्यात बांधलेला शहाजिऱ्याचा केक. आठवडाभर पडदा खाली बघतेय, म्हणाल्या, कोण गेलं आपल्याकडे?

"बायको."

"कधी हो?"

"तीन वर्षं झाली."

बाईंनी केककडे पाहिलं. "अगंबाई. मग मला जरा उशीरच झाला."

विल्फला तीन वर्षांत पहिल्यांदा हसू फुटलं आणि मध्येच अडकलं. खिडकी रंगवलेली आहे, हे त्यानं सांगितलं. त्यांना पटेना. वर रस्त्यावर जाऊन, मान मोडेपर्यंत बघून परत आल्या.

"मग तर जास्तच वाईट," त्या म्हणाल्या. "खरा असता तर आतल्यानं आपल्या हातानं वर तरी केला असता. आणि रागावू नका मिस्टर गेन, पण वाकडा आहे तो."

विल्फनं केक टेबलावर ठेवला आणि शिडी बाहेर काढली.

बाई आपल्या दारापाशी, म्हणजे नेमक्या पलीकडच्या फुटपाथवर, उभ्या राहिल्या. त्यानं सांगितलं नव्हतं. खालच्या तावदानांवर काळा चढत गेला, पडदा तसतसा वर जात राहिला. उजवीकडे थोडा खाली, असं त्या ओरडल्या. मग थोडा वर. अर्ध्यावर आला तेव्हा त्यांनी हात केला.

"बस्स. आता अगदी सरळ आहे."

त्या थंडीनं आत गेल्या, दार लागलं. विल्फचा ब्रश भिंतीपाशी तसाच थांबला होता. पडदा सरळ होता. पण पुढचं वाक्य यायचं होतं. तो ऐकत राहिला. खाली कोळशाची गाडी खडखडत गेली, मग तोही आवाज नाही.

मग त्यानं ब्रश काळ्यात बुडवला आणि कड आणखी बोटभर वर घेतली.