समाधानाचा फॉर्म

हिंगोली जिल्हा नवीन झाला त्या सुमारास मी एका पुनर्वसन केंद्रात कारकून होतो. साखरा गावच्या एक मेंढपाळ मावशी दर महिन्याला तिथं यायच्या. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला होता आणि तिथं आम्ही कृत्रिम पाय बसवला होता. बाकावर त्या कधी बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि बोलता बोलता 'बराबर?' म्हणून समोरच्याला मान डोलवायला लावायच्या.

उपचारांबद्दल रुग्णांचं मत फॉर्मवर घेणं माझं काम. वरून तपासणी येणार होती, म्हणून मी सगळ्यांचं न विचारताच 'समाधानी' लिहीत होतो. मावशींचंही लिहिलं आणि अंगठा मागितला.

"काय लिव्हलं?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी हात मागे घेतला.

"फरशीवर चालते मी. मेंढरं फरशीवर चरत न्हाईत, बराबर?"

"मावशी, एका फॉर्मनं काय होतंय?"

"मंग काहून इचारून राहिले तुमी?"

त्या तडक केंद्रामागच्या नांगरलेल्या रानात उतरल्या. चौथ्या पावलाला ढेकळावर पाय मुडपला आणि त्या पडल्या. मी दिलेला हात झटकून स्वतःच उठल्या.

"आता लिव्हा."

केंद्राचे साहेब दारातून बघत होते. त्यांच्यादेखत मी 'असमाधानी' लिहिलं. मावशींनी अंगठा दाबून उठवला.

पुढं पाय बनवणारा कारागीर त्यांच्या माळावर जाऊन आला आणि पायाचा तळवा बदलला. नव्या तळव्यानं त्या भरभर चालत आल्या, तेव्हा मी हौसेनं फॉर्म काढला.

"एवढ्यात न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी चिखलात चालून बघते."