बावन्न फ्रेम

बाबा पहिल्यांदा हरवले ते नऊ फ्रेमपुरते. एका सेकंदात चोवीस फ्रेम असतात, म्हणजे हा अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. एवढ्यात माणूस हरवतो असं तेव्हा मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी घरी बसून अ‍ॅनिमेशन करते. पोटासाठी शाळकरी मुलांच्या धड्यांचे व्हिडिओ करते. त्यात पेशी दुभंगतात, ग्रह फिरतात आणि एक आगाऊ खारूताई सगळ्यांना अक्कल शिकवते. जिवासाठी मात्र ऑनलाइन स्पर्धा. दर महिन्याला संयोजक अकरा सेकंदांचा एक आवाज देतात. जगभरातले आमच्यासारखे एकांडे शिलेदार तोच आवाज घेऊन आपापलं पात्र हलवतात, बोलवतात. बक्षीस म्हणाल तर पहिल्या पानावर तुमचं काम फिरत राहतं आणि अनोळखी माणसं छान म्हणतात. आमच्या सदाशिव पेठेत कोणी कोणाला सहजासहजी छान म्हणत नाही, त्यामुळे मला त्याचं फार अप्रूप होतं.

या स्पर्धांची एक रीत आहे. चित्र काढायला बसण्याआधी तो प्रसंग कोणाकडून तरी करून घ्यायचा आणि मोबाइलवर शूट करायचा. त्याला आम्ही रेफरन्स म्हणतो. मग तो फ्रेम-फ्रेम करून बघायचा: मान कधी वळली, पापणी कधी मिटली, खांदा आधी हलला की हात. काम अर्धवट झालं की कच्चा व्हिडिओ सगळ्यांपुढे ठेवायचा आणि बाकीच्यांनी फ्रेमचे आकडे टाकून चुका काढायच्या. '८४ ते ९०, मान उशिरा वळते.' बस, एवढंच. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

मला स्वतःला अभिनय येत नाही. आधीची कामं मी स्वतःलाच शूट करून केली, पण आरशासमोरही मी अवघडते. आई जाऊन सहा वर्षं झाली, घरात मी आणि बाबा दोघंच, तेव्हा नट म्हणून बाबांवाचून पर्याय नव्हता. बाबा निवृत्त मुद्रितशोधक. हयातभर छापखान्यांसाठी त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. "आजवर दुसऱ्यांच्या चुका काढल्या," ते म्हणाले, "आता म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या करून दाखवायच्या." पण बसले. पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची, वर पंखा, मागे सुती पडदा.

बाबा बसले त्या पहिल्या महिन्याचा आवाज होता चष्मा शोधणाऱ्या म्हाताऱ्याच्या पुटपुटण्याचा. बाबांनी खिसे चाचपले, कपाळावर हात नेला, आणि तिथे नऊ फ्रेम ते जसेच्या तसे राहिले. नऊच्या नऊ सारख्या. मी मोबाइलला शिव्या घातल्या. जुना झाला होता, अधूनमधून अडकायचा. असं अडकलेलं काम तसंच ठेवता येत नाही. आमच्याकडे पात्र पूर्ण थांबलं की ते मेल्यासारखं दिसतं. म्हणून थांबलेल्या पात्रालाही आम्ही अगदी किंचित हलतं ठेवतो. खांदा केसभर खाली जातो, पापणी जराशी जड होते. बघणाऱ्याला ते दिसत नाही, पण पात्र जिवंत वाटतं. मी त्या नऊ फ्रेममध्ये तशी हालचाल भरली आणि काम पाठवून दिलं.

दुसऱ्या महिन्यात एकवीस फ्रेम अडकल्या. फोनवर बोलणारा माणूस होता, बाबा कानाशी हात धरून बसले होते, आणि वाक्याच्या मध्येच थिजले. मी मोबाइलमधले जुने फोटो उडवून जागा केली, स्पर्धेच्या पानावर तक्रारही लिहिली की माझा कॅमेरा फ्रेम खातो. दोघातिघांनी वेगवेगळे अ‍ॅप सुचवले. आणि पुन्हा मी ती एकवीस फ्रेमची फट बुजवली, या वेळी तर इतकी बेमालूम की मलाच नंतर सापडेना. मी खूश होते.

तिसऱ्या महिन्यापर्यंत मी नवा मोबाइल घेतला होता. या वेळच्या आवाजात एक बाई विचारते, तू तिथे होतास ना? मग दोन सेकंद शांतता. मग एक पुरुष म्हणतो, नाही. सगळं इंग्रजीत. बाबांना फक्त "नो" म्हणायचं होतं. प्रश्न आला. बाबा माझ्याकडे बघत होते. मग शांतता आली, आणि त्या शांततेत बाबांनी असं काही केलं की माझ्या अंगावर काटा आला. ते बसून होते, पण चेहऱ्यावरून काहीतरी उठून गेलं होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, चिकटलेली दोन पानं सुटी करावीत तशी. मग ते म्हणाले, "नो."

"बाबा, काय केलंत हो तुम्ही!"

"काय केलं?"

मला वाटलं, विनय. वास्तविक बाबांना विनयाचा त्रास कधीच नव्हता, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

त्या वेळी मी काहीच बुजवलं नाही. ती शांतता मी जशीच्या तशी उतरवली, त्या दोन बोटांसकट. माझं पात्र म्हणजे कानटोपी घातलेला एक म्हातारा होता. तो प्रश्न ऐकतो, रिकामा होतो आणि परत येऊन नाही म्हणतो. कच्चा व्हिडिओ टाकला आणि लोक तुटून पडले. तीन वर्षांत मला इतके अभिप्राय मिळाले नव्हते. त्यातला एक कुठल्याशा थंड देशातल्या स्पर्धकाचा होता. घुबडाच्या चित्राखाली लिहायचा किंवा लिहायची, मला तेही माहीत नाही. त्याने लिहिलं होतं: '११८ ते १६९. बावन्न फ्रेम. इथे हा माणूस विचार करत नाहीये. विचार करणाऱ्याच्या डोळ्यांना वजन असतं. इथे आत कोणीच नाही. हे कसं जमवलंस?'

अर्धा तास मी हवेत होते. मग ते 'आत कोणीच नाही' टोचायला लागलं.

गुरुवार होता, सकाळचे साडेअकरा. दर गुरुवारी बाबा स्कूटरवरून विश्रांतवाडीला आत्याकडे जायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. घरात मी एकटी होते. मी मूळ शूटिंग उघडलं आणि ११७ वर आणून ठेवलं.

११७ला बाबा माझ्याकडे बघत होते. ११८लाही डोळे तिथेच होते, पण बाबा बघत नव्हते. मी एकेक फ्रेम पुढे ढकलत गेले. मागचा पडदा वाऱ्याने आत आला, फुगला, परत गेला. भिंतीवरून पंख्याच्या पात्यांची सावली जात होती. बोटं पानं सुटी करत होती. चेहरा मात्र एकाच जागी. १७०ला ते परत आले.

मग मी पहिल्या महिन्याचं शूटिंग काढलं. त्या नऊ फ्रेम मी निदान दोनशे वेळा बघितल्या असतील, पण फक्त बाबांकडे बघत. आता भिंतीकडे बघितलं. सावली फिरत होती. नऊच्या नऊ फ्रेममध्ये ती वेगळ्या जागी होती. दुसऱ्या महिन्यातही तेच, एकवीस फ्रेम पडदा हलत होता. कॅमेरा कधीच अडकला नव्हता.

मला भीती वाटली, आणि तिच्या पाठोपाठ स्वतःची लाज. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती. शेजारच्या काकूंनी बाबांना असं थिजलेलं पाहिलं असतं तर त्यांनी हाक मारली असती, पाणी दिलं असतं. मी ते पाहिलं, मोजलं, आणि ते नीट दिसत नाही म्हणून तिथे खोटा जीव भरला. दोनदा. तिसऱ्यांदा ते नीट दिसत होतं म्हणून तसंच ठेवलं.

दुसऱ्या खिडकीत स्पर्धेचं पान उघडंच होतं. तिथे व्हिडिओ संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो. दर अकरा सेकंदांनी तो कानटोपीवाला जात होता आणि येत होता. मला ते पान बंद करायचं होतं आणि माझा हात होत नव्हता. आपण नजर काढली आणि तो परत आलाच नाही तर, असं काहीतरी खुळ्यासारखं वाटत होतं.

आणि मग डोक्यात स्कूटर आली. बावन्न फ्रेम म्हणजे दोन सेकंदांहून थोडं जास्त. ताशी तीसच्या वेगाने तेवढ्यात गाडी अठरा मीटर जाते. नऊ, एकवीस, बावन्न. तो बावन्नचा आकडाही तीन आठवड्यांपूर्वीचा होता.

बाबांना फोन केला. वाजत राहिला. गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत, घेणाऱ्यांविषयी त्यांचं मत छापण्याजोगं नाही. आत्याला केला. "निघाला की तो अर्ध्या तासापूर्वीच," ती म्हणाली. "का गं?" काही नाही म्हटलं आणि खाली फाटकाशी जाऊन उभी राहिले. आळंदी रस्ता, संगमवाडी, पूल, शनिवार पेठेतली ती वळणं, असा रस्ता मी मनात धरत होते आणि प्रत्येक सिग्नलला बाबांना थांबवत होते.

गल्ली नेहमीसारखी चालू होती. क्लासची मुलं घोळक्याने जात होती. हातगाडीपाशी एक बाई काकडी हातात घेऊन उभी होती. तिचं काय चाललंय ते बघताना मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. ती हलेना. चाळीसच्या पुढे गेल्यावर तिने काकडी खाली ठेवली आणि दुसरी घेतली. समोरच्या दवाखान्याच्या पायरीवर एक गृहस्थ चपला घालता घालता थांबले होते. एक पाय चपलेत, एक बाहेर. ओट्यावर बसलेले एक आजोबा रस्त्याकडे तोंड करून होते, आणि ते रस्ता बघत होते की नाही हे मला सांगता येईना. इतकी वर्षं मी माणसांच्या हालचाली बघून पोट भरते. त्या दिवशी भर दुपारी मला कळेना, की यांतलं कोण आत आहे आणि कोण जरा वेळ बाहेर गेलंय.

सव्वाबाराला स्कूटर वळणावर दिसली. पांढरं हेल्मेट, हँडलला आत्याने दिलेली पिशवी. बाबा सरळ माझ्याकडे येत होते आणि वेग कमी होत नव्हता. मी मोजलं नाही. ओरडले. फाटकाच्या अलीकडे त्यांनी ब्रेक दाबला.

"उन्हात का उभी? सोसायटीने वॉचमन ठेवलाय, पगारी," ते म्हणाले.

पुढे रीतसर सगळं झालं. डॉक्टरांनी माझी तिन्ही शूटिंग आणखी दोघांना बोलावून दाखवली, तपासण्या केल्या, हा फिटचाच एक प्रकार असतो, पडणं नाही, झटके नाहीत, नुसता माणूस क्षणभर नसतो, असं सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. आता बरं आहे. स्पर्धेतून ते काम मागे घ्यायला मी संयोजकांना लिहिलं, पण मतदान सुरू झालं होतं. दुसरा क्रमांक आला. ते अजून तिथे आहे आणि कोणी उघडलं की फिरत असतं. मी ते पान उघडत नाही.

पण डॉक्टरांच्या आधीची ती दुपार राहिली. मी बाबांना हातपायही धुऊ दिले नाहीत. संगणकासमोर बसवलं आणि काही न सांगता तिसरं शूटिंग लावलं. त्यांनी चष्मा बदलला. एकदा पाहिलं, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्यांनी खिशातलं पेन काढून पडद्यावर टेकवलं, प्रुफात चूक सापडली की टेकवायचे तसं.

"इथून," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "इथपर्यंत."

एका फ्रेमचाही फरक नव्हता.

"तुम्हाला आतून काही कळतं का हो?"

"मला काय कळणार? मी तर बसलेलोच असतो." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तू उडी मारतेस."

"म्हणजे?"

"म्हणजे तू त्या मोबाइलमागे उभी असतेस, आणि एकदम खुर्चीपाशी असतेस. मधलं काही नाही. चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात दिसतेस आणि लगेच माझ्यासमोर. मधली चार पावलं कोणीतरी गाळल्यासारखी."

"हे कधीपासून?"

"तुझं शूटिंग सुरू व्हायच्या आधीपासून. दिवाळीपासून असेल."

चार महिने या घरात बाबांना माझे तुकडे तुकडे दिसत होते आणि समोरच्या टेबलावर बसून मी फटी बुजवत होते.

"मग सांगितलं का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच. "गाडी चालवत होतात तुम्ही, बाबा!"

त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून कीबोर्डवर ठेवली. वाद न घालता. माझ्या आठवणीत बाबांनी वाद न घालता केलेली ही पहिली गोष्ट.

"दर वेळी तू परत दिसायचीस," ते म्हणाले. "एखाद्या वेळी दिसली नसतीस, तर सांगितलं असतं."

कोणाला, हे मी विचारलं नाही.