वरच्या फाटकाचा पत्ता

ओळंब्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उठल्याबरोबर तो दाराची कडी ओढून बघायचा. रात्री ती त्यानेच लावलेली असायची, तरी बघायचा. मग पाण्याचं पिंप, मग हत्यारांची पिशवी. थापी, गिलावा घोटायचा रंधा, दोरी, सगळं जागेवर असल्याची खात्री झाली की चहा.

"रात्रीतून थापीला पाय फुटले का?" बायको विचारायची.

"थापीला पाय फुटत नाहीत. लोकांना हात फुटतात."

तो गिलावा करणारा गवंडी होता. भिंत डोळ्यांना कितीही सरळ दिसो, ओळंबा सोडून बघितल्याशिवाय तो मान्य करायचा नाही, म्हणून हे नाव पडलं. पुढे पुढे माणसांनाही तो तसाच ओळंबा लावू लागला. मुकादम "पैसे उद्या नक्की" म्हणाला की हा विचारायचा, "कुठल्या उद्या?" गल्लीत कुणी हसून बोललं की घरी येऊन बायकोला म्हणायचा, "त्याला काय हवं असेल गं?"

"तुमच्याकडे आहे काय, त्याला हवं असायला?"

दोन खोल्या होत्या, त्याही बिनगिलाव्याच्या. दुसऱ्यांच्या भिंती आरशासारख्या करणाऱ्याच्या घरात विटा उघड्या होत्या. बायको घरीच शिलाई करायची. विटांची लाल भुकटी कपड्यांवर पडायची, आणि गिऱ्हाईक कुरकुरायचं. "यंदा करू" असं तो दरवर्षी म्हणायचा. पण नुसता म्हणायचा नाही. प्रत्येक मजुरीतला थोडा भाग पत्र्याच्या डब्यात पडायचा. तो गिलाव्याचा डबा होता. आजारपण येवो की सुट्टी, त्याला हात लागायचा नाही.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उघडा नाला होता. त्यावर दोन फळ्या टाकलेल्या. माणसं जायची, सायकल जायची, बाकी सगळं अलीकडे थांबायचं. नाल्यापलीकडे चढ होता, आणि चढावर उंच इमारत. इमारतीला फाटक, फाटकाला वॉचमन.

त्या इमारतीच्या कुंपणाचा गिलावा ओळंब्याकडे होता, तेव्हाची गोष्ट. सकाळी बागेत फिरणारे एक आजोबा खाली बसले ते उठेचनात. कुणीतरी फोन केला. ओळंब्याने नुकतंच एक घमेलं भरून सिमेंटचा माल कालवला होता. अर्धा भिंतीवर गेला नसेल, तोच भोंगा वाजवत अँब्युलन्स आली. आजोबांना घेऊन गेलीसुद्धा. ओळंबा घमेल्याकडे बघत उभा राहिला. माल अजून लोण्यासारखा मऊ होता.

त्याच उन्हाळ्यात शेजारचा कुलूपवाला दारात कोसळला. ओळंबा तेव्हा स्वतःच्या उंबऱ्याची भेग बुजवत होता. हातातली थापी तशीच घमेल्यात खुपसून तो धावला. फोन केला, पत्ता सांगितला, पुन्हा फोन केला. कुलूपवाल्याची बायको नवऱ्याला वारा घालत होती. पलीकडची भाजीवाली नाल्यापाशी जाऊन बघून येत होती. शेवटी दोन माणसं स्ट्रेचर घेऊन फळ्यांवरून चालत आली, तेव्हा कुलूपवाल्याला घाई उरली नव्हती.

सगळे पांगल्यावर ओळंबा थापी काढायला गेला. थापी निघेना. माल तिच्याभोवती आवळला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने घमेलं उलटं करून ठोकलं. घमेल्याच्या आकाराचा गोळा बाहेर पडला. तो त्याने फेकला नाही, दाराशी ठेवला.

"हा काय गोळा मांडलाय?" भाजीवालीने विचारलं.

"हा आपल्याकडच्या अँब्युलन्सचा वेळ आहे," ओळंबा म्हणाला. "वरचा वेळ भिंतीवर लागला. आपला दगड झाला. ती गाडी आधी पत्ता विचारते, मग पाय उचलते."

"पत्ता तर सांगावाच लागतो."

"मग वरचा सांगायचा."

ही युक्ती त्याची. गल्लीत कुणाचं काही झालं की फोनवर इमारतीचं नाव द्यायचं, म्हणायचं, फाटकाशी या. तोवर माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी चढ चढायचा. आणि गाडी यायची. माणूस वर पोचायच्या आधी कधी कधी गाडीच उभी असायची. वॉचमन तोंड फिरवून उभा राहायचा. तोही अशाच कुठल्यातरी गल्लीतून यायचा.

"काका, एक दिवस माझी नोकरी घालवणार तुम्ही."

"तू आम्हाला बघितलंस का?"

"नाही."

"मग नोकरी कशी जाईल?"

युक्ती चालली. पोटात दुखणारे, डोकं फुटलेले, भाजलेले, सगळे वरच्या फाटकाने गेले आणि बहुतेक परत आले. गल्लीत ओळंब्याचा मान वाढला. त्यालाही बरं वाटायचं, पण शंका जायची नाही. इतकं सरळ चालतंय म्हणजे कुठेतरी वाकडं असणार, असं त्याला वाटत राहायचं.

एके सकाळी तो कामाला निघाला होता, पिशवी खांद्यावर. मागे शिलाई मशीनचं पायडल थांबलं. मशीन थांबणं नवीन नव्हतं, पण दोरा तुटला की बायको काहीतरी पुटपुटायची. तसं काही ऐकू आलं नाही. त्याने वळून बघितलं. ती छातीवर हात दाबून पुढे वाकली होती. तोंड उघडं, आणि श्वास आत जात नव्हता.

भाजीवालीने फोन केला. सवयीने वरचा पत्ता दिला. चौघांनी खुर्ची उचलली. फळ्यांवरून जाताना बायकोने ओळंब्याचा सदरा मुठीत धरला होता. चढावर तिने तोंड हलवलं. त्याने कान जवळ नेला.

"कडी... लावली का?"

"लावली," तो म्हणाला. लावली नव्हती.

फाटकाशी गाडी नव्हती. वॉचमन मात्र या वेळी तोंड फिरवून उभा नव्हता. तो धावत आला.

"काका, गाडी येऊन गेली. परवापासून मागचं फाटक केलंय अँब्युलन्सला. मागच्या वॉचमनने सांगितलं, इथे कुणी आजारी नाही. परत गेली."

"तू सांगितलंस इमारतीच्या कमिटीला आमचं?"

"सांगायचं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

ओळंब्याने त्याच्याकडे रोखून बघितलं. भिंत असती तर दोरी सोडून बघता आलं असतं. त्याने स्वतः फोन लावून तोच पत्ता दिला. पलीकडची मुलगी म्हणाली, "त्याच पत्त्यावरून गाडी आत्ताच रिकामी आली. पुन्हा पाठवता येणार नाही. पेशंट राहतो कुठे?"

त्याने गल्लीचं नाव सांगितलं.

"ती इथे दिसत नाही. जवळची मोठी खूण सांगा."

जवळची मोठी खूण म्हणजे ती इमारतच होती. ओळंब्याने नाला सांगितला, फळ्या सांगितल्या, भाजीची गाडी सांगितली. मुलगी म्हणाली, नाल्याशी थांबा. चौघांनी खुर्ची पुन्हा खाली आणली. उतरताना जास्त जपावं लागतं. मागच्या दोघांच्या हाताला रग लागली, पण कुणी मध्ये टेकवा म्हणालं नाही. नाल्याच्या कडेला ते थांबले. ओळंबा बायकोची पाठ चोळत राहिला. तिची नखं निळी पडत चालली होती. तो रस्त्याच्या वळणाकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणावर संशय घेत नव्हता, नुसती वाट बघत होता.

गाडी आली. उशिरा आली, पण बायको जिवंत असताना आली.

दवाखान्यात ती वाचली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा काही भाग गेला, थोडं आधी आणलं असतं तर वाचला असता. आता पायाचं मशीन नाही, पाण्याची घागर नाही. ओळंबा बाहेर आला. अँब्युलन्सचा ड्रायव्हर पायरीवर बसून पाणी पीत होता.

"आम्ही गरीब म्हणून उशीर करता, खरं ना?" ओळंबा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

ड्रायव्हरने बाटलीचं झाकण लावलं. "काका, वरच्या भागाला दोन गाड्या आहेत. खालच्या सगळ्या वस्त्यांना मिळून ही एक. मी एका टोकाला असलो की दुसऱ्या टोकाला उशीर होणारच."

"वरच्यांना दोन का? त्यांना दोन हृदयं असतात?"

"ओळखी असतात. आणि फोन तिथून जास्त येतात. पूर्वी खाली दोन होत्या, वर एक. खालून फोन येईनासे झाले, म्हणून यंदा एक उचलून वर दिली. साहेब म्हणाले, खालचे लोक कणखर, आजारीच पडत नाहीत."

ओळंबा म्हणाला, "वरचा पत्ता फक्त आमचीच गल्ली देते."

"असं प्रत्येक गल्लीला वाटतं," ड्रायव्हर म्हणाला.

ओळंबा पायरीवर बसला. थोड्या वेळाने त्याला कुलूपवाला आठवला. "पण त्या वेळी आम्ही खराच पत्ता दिला होता. गाड्याही दोन होत्या. तरी उशीर झाला."

"कुठली गल्ली म्हणालात? फळ्यांची? तिथे गाडी आत जात नाही. लांब उभी करून चालत यायचं. मग जो तो आधी सोपा फोन घेतो."

"म्हणजे कारण तयारच ठेवलंय तुम्ही."

"कारण तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, काका. मी नाही ठेवलं."

ड्रायव्हर खरं बोलतो की स्वतःला झाकतो, हे ओळंब्याला ठरवता येईना. पण एक गोष्ट हाताने करून बघता येण्यासारखी होती.

बायको घरी आल्यावर त्याने डबा खाली काढला. ती पडल्या पडल्या बघत होती.

"गिलावा?" तिने विचारलं.

"नाला."

तिने उघड्या विटांकडे बघितलं. "करा," ती म्हणाली. "नाहीतरी मशीन आता चालवायचं नाही. कुणाच्या कपड्यांवर भुकटी पडणार?"

नाला झाकायचा म्हटल्यावर गल्ली गोळा झाली.

"ओळंब्या, नाला काय तुझ्या बापाचा?" भाजीवाली म्हणाली.

"बापाचा असता तर त्यानेच झाकला असता."

"वर टोल बसवशील."

"तुझ्या गाडीला दुप्पट."

माणूस पैशाशिवाय काही करतो, यावर गल्लीचा विश्वास बसेना. हे त्यानेच त्यांना शिकवलं होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून लोक घमेली उचलायला आले. सळ्या त्याने स्वतः निवडल्या, वाळू चाळून घेतली. कुणी पाणी जास्त घातलं की पूर्ण घमेलं परत कालवायला लावलं. स्लॅब पडल्यावर गोणपाटं टाकून रोज पाणी मारलं. भरपूर दिवस कुणाला त्यावर पाय ठेवू दिला नाही. मग विटांची भरलेली लॉरी बोलावली आणि तिला वरून जायला सांगितलं. स्वतः नाल्यात उतरून खालून बघत उभा राहिला.

"मरायचंय का?" लॉरीवाला ओरडला.

"माल माझा आहे. तू चल."

लॉरी गेली. खाली भेग नव्हती.

त्या दिवशी ओळंब्याने सगळ्यांना सांगितलं, यापुढे पत्ता खरा द्यायचा. आपण वरचे होऊन आजारी पडायचं नाही.

"आणि खरा देऊन गाडी आली नाही तर?" भाजीवालीने विचारलं.

"तर निदान आपल्याकडचं कारण संपलेलं असेल. उरलेलं कुणाचं ते कळेल."

पहिली पाळी भाजीवालीच्याच सासूवर आली. भाजीवालीने फोन लावला. वरचं नाव ओठांवर आलं होतं. तिने ओळंब्याकडे बघितलं आणि गल्लीचं नाव आणि नाल्याची खूण सांगितली. ओळंबा घरी गेला, घमेल्यात माल कालवला आणि दारात ठेवला.

गाडी आली. स्लॅबवरून थेट सासूच्या दारापर्यंत आली. तोच ड्रायव्हर होता. निघताना काच खाली करून म्हणाला, "काय काका, आता तरी खूश?"

ओळंब्याने माल थापीने उलटून बघितला. लोण्यासारखा नव्हता, दगडही झाला नव्हता. जोर लावला तर भिंतीला लागला असता.

"विटांच्या एका ओळीने भिंत सरळ ठरत नाही," तो म्हणाला. "पुढच्या वेळी बघू."

तो माल त्याने वाया घालवला नाही. बायकोच्या खाटेशेजारच्या कोपऱ्यात हातभर गिलावा मारला. ती भिंतीला तोंड करून झोपायची, तेवढ्यापुरता. बाकीच्या विटा आजही उघड्या आहेत. खालची दुसरी गाडी परत मिळाली की नाही, विचारलं तर कुणी धड सांगत नाही. दगड झालेला गोळा दाराशी तसाच आहे. आणि इतक्या वर्षांची डब्यातली मजुरी गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर पसरलेली आहे, चाकं जायची तिथे.